घरचं वाचन

१

शनिवारची शाळा सकाळची. पोरं पांगली की विजयमाला प्रयोगशाळेत मागे थांबायची आणि परीक्षानळ्या धुऊन लाकडी घोडीवर उपड्या घालायची. शिपाई होता, पण त्याच्या हातून काच टिकत नसे. शिवाय लवकर घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न तिला लेक राजनंदिनी गेल्यापासून सुटला नव्हता.

पाटोद्याच्या त्या विनाअनुदानित शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि उरल्या वेळात विज्ञानकथा लिहायची. गावात दोन्हींची किंमत सारखीच. दिवाळी अंकात तिची गोष्ट आली की मुख्याध्यापक विचारत, "काय बाई, यंदा कोणत्या ग्रहावर?" आणि शिक्षकखोलीत हशा व्हायचा. तो हशा तिला चालायचा. चालत नसे ते दुसरंच. ती "आमची नंदिनी म्हणायची" असं म्हणाली की कुणीतरी घाईघाईनं चहाचं विचारायचं. माणसं वाईट नव्हती. त्यांना फक्त ते ऐकायचं नव्हतं.

म्हणून तिनं ते गोष्टीत लिहिलं होतं. 'उशिराचा आवाज' नावाच्या त्या कथेत एक मुलगी दुसऱ्या ताऱ्याजवळच्या वेधशाळेत कामाला असते आणि तिचं बोलणं पृथ्वीवर पोचायला सात वर्षं लागतात. आई गच्चीवर बसून ते ऐकते. तारा, वेधशाळा, गच्ची हे सगळं विजयमालेनं रचलेलं होतं. मुलीच्या तोंडचं मात्र एकही वाक्य रचलेलं नव्हतं. ती सगळी नंदिनीची होती, जशीच्या तशी.

हात ओलेच होते तेव्हा फोन वाजला.

"मी उमापूरहून मोहनराव बोलतोय. बाई, तुमच्या गोष्टीला यंदाचा बजरंग स्मृती पुरस्कार जाहीर झालाय."

तिनं फोन खांद्यात धरून हात पदराला पुसले. विज्ञानकथेला आणि अद्भुतकथेला कुणी सन्मानानं बोलावतं अशा जागा थोड्या, आणि जिल्ह्यात तर ही एकच. मोहनराव बागायतदार, एके काळी जिल्हा परिषदेत होते. मुलगा तरुणपणी गेला, त्याच्या नावानं त्यांनी हा पुरस्कार चालू केला होता. निवडलेल्या लेखकाचं पुस्तक ते स्वतः छापून गावोगावच्या वाचनालयांत पोचवायचे. म्हणजे नंदिनीचं बोलणं आता कुठं कुठं वाचलं जाणार होतं.

"आमच्यात एक पद्धत हाय, बाई," मोहनराव म्हणाले. "कार्यक्रमाच्या आधी घरचं वाचन असतं. गोष्ट आधी बजरंगच्या खोलीत वाचायची. सगळी, मोठ्यानं. मग सभागृहात शाल-श्रीफळ."

"वाचीन की," ती म्हणाली. "माझ्या मुलीचं बोलणं आहे त्यात."

"हूं," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

तो मोहनरावांचा आवाज नव्हता. शेजारी त्यांची बायको बसली असेल असं विजयमालेला वाटलं. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हूं द्यायची, ही आपल्याकडची जुनीच रीत. तिची आजीसुद्धा कुणी हूं दिली नाही की कहाणी थांबवून पाठ फिरवायची. मोहनरावांनी तारीख सांगितली, गाडी पाठवतो म्हणाले, फोन कट झाला.

आणि त्यानंतर, बंद झालेल्या फोनमधून, आणखी एक हूं आली.

तिनं फोन कानापासून लांब धरून पाहिला. पाटोद्यातली रेंज. मागचं बोलणं पुढं, पुढचं मागं, हे रोजचंच होतं. ती परीक्षानळ्यांकडे वळली.

२

गाडी चालवायला बंकट नावाचा गडी होता आणि त्याचं तोंड गाडीपेक्षा वेगात चालायचं.

"मॅडम, खरं सांगा, त्या उडत्या तबकड्या असत्यात का?"

"अजून पुरावा नाही."

"असल्या तरी आमच्याकडं यायच्या न्हाईत. लाईट नसती, उतरायचं कुठं म्हणून वरच्या वरच माघारी जात असत्याल." आणि लगेच खिडकीतून तोंड काढून समोरच्या टेम्पोवाल्याला, "सरक की बे, रस्ता काय हुंड्यात आलाय का!"

मांजरसुंब्याला धोंडीराम गाडीत बसले. नेकनूरचे. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर लिहायला लागले. गेल्या वर्षीचा पुरस्कार त्यांना होता, आणि आदल्या वर्षीच्या लेखकानं नव्याच्या खांद्यावर शाल घालायची असाही तिथला रिवाज होता. विजयमालेला त्यांना भेटायचंच होतं. त्यांच्या गोष्टीतली बाई कोंबड्यांकरवी मेलेल्या माणसांना निरोप धाडते, आणि ती बाई म्हणजे त्यांची वारलेली बायको भिवराबाई, हे त्यांनी मनोगतात लिहिलं होतं.

"काका, तुमची गोष्ट मी कितीदा वाचली," ती म्हणाली. "ती बाई कोंबडीला म्हणते ना, 'भवाने, अंडं घालतीस का नवस करतीस?' वर्गात सांगितलं मी. पोरं लोळली."

धोंडीराम हसले. पाहुण्यासारखं. "चांगलं हाय. कुणाचं हाय ते?"

"तुमचंच. भिवराबाईंचं."

"असंल, ताई."

"तुम्हीच लिहिलंय, त्या असंच बोलायच्या म्हणून."

"लिवलं असंल. लोक म्हणत्यात लई बोलकी होती."

"लोक?"

"शेजारचे." ते खिडकीबाहेर बघायला लागले. तोंडावर दुःख नव्हतं. आठवायची धडपडही नव्हती. रुमालानं त्यांनी चष्मा पुसला आणि परत चढवला.

वयानं होतं असं, विजयमालेनं मनाला सांगितलं. तिच्या सासऱ्यांचं झालं होतं. पण बीड ओलांडल्यावर बंकटनं सहज विचारलं, "काका, ह्या रूटला होता ना तुमी?" आणि धोंडीराम एकेक थांबा सांगत सुटले. कुठल्या फाट्यावर कुठली म्हातारी टोपली घेऊन चढायची, कुठल्या वळणावर ड्रायव्हर पान थुंकायचा, गेवराईच्या स्टँडवर कोण कधी कुणाशी भांडला, सगळं. कुठंही अडखळले नाहीत.

"नवं काय लिहिताय?" तिनं विचारलं.

"काय लिवायचं?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "कुणाबद्दल लिवायचं, ताई?"

३

मोहनरावांचं घर नव्या धाटणीचं होतं. पांढऱ्या फरशा, रुंद जिना, दारात ट्रॅक्टर. मोहनराव सभागृहात तयारीला गेलेले, बंकटनं धोंडीरामांनाही तिकडंच सोडलं होतं. घरात त्यांची बायको कौशल्याबाई एकट्याच होत्या. त्यांनी विजयमालेला जेवायला वाढलं, समोर बसून आग्रह केला आणि जेवण होईपर्यंत पुरस्काराचं नावही काढलं नाही. मग म्हणाल्या, "तुमचं बी पोरगंच गेलं न्हवं?"

"मुलगी. राजनंदिनी."

"कशी होती?"

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. विजयमालेनं तोंड उघडलं, पण कौशल्याबाईंनी हात वर केला. "हितं नका सांगू. वर सांगा."

जिना चढता चढता त्या बजरंगचं बोलल्या. आजारपणात तो अंथरुणाला खिळला. त्याला गोष्टींचं वेड, त्यातही चंद्राच्या, यंत्रांच्या, राक्षसांच्या. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून शाळेतले गुरुजी संध्याकाळी येऊन वाचायचे आणि हा पडल्या पडल्या हूं द्यायचा. एका संध्याकाळी गोष्ट अर्ध्यावर आली आणि हूं थांबली.

"गुरुजीला कळलंच न्हाई. त्यो वाचतच होता," त्या म्हणाल्या. हे त्यांनी इतक्या सपाट सुरात सांगितलं की जणू दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट सांगत होत्या.

खोली उजेडाची होती. दुपारचं ऊन खिडकीतून फरशीवर पडलेलं. एक कपाट, पुस्तकांची फळी, लेखकासाठी एक खुर्ची. आणि पलंग, त्यावर चारी बाजूंनी सोडलेली, गादीखाली खोचलेली पांढरी मच्छरदाणी. इतक्या दाट विणीची की आतलं काही दिसू नये.

"दुपारची मच्छरदाणी?" विजयमालेनं विचारलं.

"काढत न्हाई आमी." कौशल्याबाई उंबऱ्याबाहेर जाऊन बसल्या. "मी हितंच हाय. एकच सांगते, बाई. अर्ध्यावर सोडायचं न्हाई. ऐकणारा उपाशी राहतो."

दार त्यांनी ओढून घेतलं. कडी लावली नाही.

४

रिकाम्या खोलीत मोठ्यानं वाचताना माणसाला स्वतःची लाज वाटते. विजयमालेनं घसा खाकरला आणि पहिलं पान धरलं.

"'ए मास्तरीण, ऐकतीस का?' मुलीचा आवाज सात वर्षं चालून गच्चीवर पोचला."

"हूं."

पारवा, तिला वाटलं. खिडकीच्या छज्ज्यावर पारवे घुमतातच. ती वाचत राहिली. गच्ची आली, ॲंटेना आली, तिथं खोली शांत होती. मग मुलीचं बोलणं आलं. 'इथं ढगांना पण रविवारची सुट्टी असती, तुझ्या शाळेसारखी नाही.'

"हूं."

खाली इन्व्हर्टर असेल. लोड आला की घुमतो. तिच्या डोक्यातली शास्त्राची बाई कारणं पुरवत होती आणि ती ती घेत होती, कारण खरं सांगायचं तर तिला ते बरं वाटायला लागलं होतं. कुणीतरी ऐकत होतं. नंदिनीच्या प्रत्येक वाक्याला जिथं पडायला हवी तिथं, एका श्वासानं मागे, हूं पडत होती. चहाचं कुणी विचारत नव्हतं. विषय बदलत नव्हतं. तिचा आवाज मोकळा झाला. डाव्या हाताची नखं रंगवून उजव्याची तशीच ठेवणारी नंदिनी तिनं वाचली. जाताना 'येते' म्हण असं बजावलं की मुद्दाम 'जाते, जाते, जाते' म्हणत जिना उतरणारी नंदिनी वाचली. हूं आता लवकर येत होती. वाक्य संपायच्या जरा आधी.

पान उलटताना तिचा हात थांबला.

'जाते, जाते, जाते' हे नंदिनी कसं म्हणायची? तिसऱ्या 'जाते'ला सूर वर जायचा की खाली? आत्ता सकाळी, गाडीची वाट बघताना, तिनं तो मनात ऐकला होता.

मनात आता नुसती अक्षरं होती.

५

घाबरायच्या आधी तिनं ते केलं जे ती आठवीच्या पोरांना शिकवायची. आधी तपासा.

पुढचं वाक्य तिनं ओठ मिटून, डोळ्यांनी वाचलं. 'आज भाजीत मीठ तुझ्या पगाराएवढं पडलंय. म्हणजे नाहीच.' लगेच नंदिनी बोलली. डोक्यात, स्वच्छ. 'म्हणजे' म्हणायच्या आधी हसू गिळल्याचा तो बारीक आवाज, ताटावर वाजलेला चमचा, सगळं.

मग तेच वाक्य तिनं मोठ्यानं वाचलं.

"हूं."

मग परत मिटल्या ओठांनी. वाक्य जागेवर होतं, विनोद कळत होता. बोलणारं कुणी नव्हतं. चमचा वाजला नाही.

आता उलट बाजूनं. तिनं स्वतः रचलेला परिच्छेद शोधला, ॲंटेनाच्या तारांचा, ज्यात नंदिनीचा एक शब्द नव्हता, आणि तो मोठ्यानं वाचला. परिच्छेद संपला. हूं नाही. पारवा नाही, इन्व्हर्टर नाही.

मच्छरदाणीतून कुणीतरी म्हणालं, "मग?"

आवाज पुरुषाचा नव्हता, बाईचाही नव्हता. पण तो शब्द ओढण्याची तऱ्हा ओळखीची होती, आणि ती ओळखीची आहे एवढंच तिला समजत होतं. कुणाची, ते हाताला लागत नव्हतं.

तिनं मान वळवली. भर दुपारच्या उजेडात मच्छरदाणीचा पांढरा पडदा एका जागी बाहेर फुगला होता, कुणीतरी आतून चेहरा टेकवावा तसा. कपाळाचा उंचवटा होता. नाकाची जागा होती. बाकी अजून ठरायचं होतं. तोंडाच्या जागी कापड आत ओढलं गेलं, ओलं झालं आणि परत बाहेर आलं.

"मग?"

विजयमाला उठली. खुर्ची मागे पडली. राहिलेली पानं तिनं छातीशी धरली आणि दार उघडलं.

६

कौशल्याबाई उंबऱ्यावर तशाच बसलेल्या होत्या. हलल्या नाहीत.

"कावून थांबलात, बाई?"

"आत कोण आहे?"

"तुमीच आणलंय, तुमाला ठाऊक."

"बजरंग आहे का तो?"

"पहिल्यांदा वाटायचा बजरंग. आता मी इचारत न्हाई. खोलीत कुणीतरी असतंय, हूं देतंय. घर रिकामं वाटत न्हाई." मग त्या पुढं वाकल्या आणि आवाज खाली आणला. "धोंडीरामला शेवटच्या पानाला त्याची बायको दिसली. पदर खोचून, पाय खाली सोडून बसलेली. जीव भरून बघितलं त्यानं. हसला, बाई. रडला न्हाई, हसला."

"आणि आता?"

"आता काय. आता त्याला दुखत न्हाई." त्यांनी पानांकडे बोट केलं. "थोडंच राहिलंय तुमचं. वाचा. तुमची लेक उठून बसंल. हात लावता यील तुमाला. गालावरून हात फिरवा. असं कुणाला मिळतंय?"

विजयमालेच्या हातातली पानं ओली झाली होती. दोन वर्षं ती ज्यासाठी देवाला, डॉक्टरांना, कुणाकुणाला काय काय द्यायला तयार होती, ते या खोलीत पलंगावर बसलं होतं आणि त्याची किंमत दोन पानं होती. तिनं मागे वळून पाहिलं.

मच्छरदाणीची कड गादीखालून सुटली होती. पलंगाच्या काठावर एक हात होता. डावा. बारीक बोटांचा, तरुण मुलीचा. नखं रंगवलेली.

नंदिनीच, तिला वाटलं. पाऊल उचललंसुद्धा. आणि तिथंच तिला कळलं की तो हात तिनं ओळखला तो आठवणीनं नाही. दुसऱ्या पानावर तसं छापलेलं होतं, म्हणून ओळखला.

अजून दोन पानं वाचली तर अख्खी पोर समोर बसेल, आणि ती आपली आहे हे तिला कागद बघून ताडावं लागेल.

"नको," ती म्हणाली.

"बाई..."

"नको म्हणते. दुखू दे. माझी पोर मला दुखू दे. तुमचं पोर तुमच्या पोटचं, कौशल्याबाई. त्याला भूक लागली तर तुमच्या आठवणी भरवा. लोकांच्या लेकी कशाला?"

कौशल्याबाईंनी मान वर केली. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं जे गाडीत धोंडीरामच्या चेहऱ्यावर होतं. म्हणजे काहीच नव्हतं.

"माझ्या कवाच संपल्या, बाई," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा मीच बसलते आत. सगळं सांगितलं. आता खालच्या फोटूला हार घालते, लोक म्हणत्यात ह्यो तुझा ल्योक."

आतून, अगदी दाराशी आल्यासारखं, "मग?"

विजयमालेनं कौशल्याबाईंच्या दंडाला धरलं आणि त्यांना उंबऱ्यावरून उठवलं. "चला माझ्याबरोबर खाली."

त्या दोन पायऱ्या आल्या. मग हात सोडवून माघारी गेल्या आणि जागेवर बसल्या. "ते उपाशी हाय," त्या म्हणाल्या. "कुणीतरी जवळ पायजे."

७

सभागृह भरलेलं होतं. मोहनराव माईकवर होते. "आपल्या गावचा रिवाज हाय, लेखक बोलायला लागला की समद्यांनी हूं द्यायची. लेखकाला वाटलं पायजे, आपलं कुणी ऐकतंय!" टाळ्या पडल्या. धोंडीराम घडीची शाल दोन्ही हातांवर घेऊन उभे होते.

विजयमाला शालीला बगल देऊन थेट माईकपाशी गेली.

"हा पुरस्कार मी घेत नाही."

"हूं," अख्खं सभागृह म्हणालं. सवयीनं, प्रेमानं. मग काय ऐकलं ते कळून कुजबुज सुरू झाली.

"कावून, बाई?" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. "काय झालं ते तर सांगा!"

"सांगा की! सांगा!"

सांगावंसं तिला वाटलं. शब्द जिभेवर आले होते: माझी मुलगी, तिचं बोलणं, वरची खोली. ती "माझी..." एवढंच म्हणाली आणि सभागृहानं हूं दिली. त्या शेकडो आवाजांच्या मागून, सगळे थांबल्यावर, माईकच्या कर्ण्यातून एकट्याची एक उशिरा आली.

तिनं माईक घट्ट धरला.

"कारण सांगितलं तर ती गोष्ट होईल," ती म्हणाली. "आणि इथं मी गोष्ट सांगणार नाही. तुमची हूं तुमच्यापाशी ठेवा. एवढंच सांगते. त्या घरच्या वरच्या खोलीत यापुढं कुणीही आपल्या माणसाचं वाचू नये. जिवंत माणसाचं नाही, गेलेल्याचंही नाही."

आता कुणी हूं दिली नाही.

"बाई, कुणाच्या दारात उभं राहून बोलताय?" मोहनरावांचा आवाज चढला. "मान दिला, गाडी धाडली..."

"मान घरी ठेवा, मोहनराव. आणि कौशल्याबाईंना त्या उंबऱ्यावरून उठवा. तुम्ही नवरा आहात त्यांचे. मी उठवलं तर उठल्या नाहीत."

मोहनरावांनी टोपी काढून हातात घेतली आणि तिच्याकडे बघत बसले, जणू हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून ते इतकी वर्षं लोकांना पुरस्कार देत होते.

मागून एक पोरगेला आवाज आला, "मास्तरीण लई माजली बे!" हशा झाला. विजयमाला मंचावरून उतरता उतरता थबकली. 'मास्तरीण.' हा शब्द एके काळी तिला कुणीतरी रोज म्हणायचं. तिनं वाट पाहिली. काहीच हललं नाही. एक शब्द होता, कुणीही कुणाला म्हणावा असा.

ती चालत राहिली. शाल हातावर घेऊन धोंडीराम तिथंच उभे होते. ती कुणाच्या खांद्यावर घालायची ते त्यांना समजेना.

८

पुस्तक निघालं नाही. उरलेली दोन पानं तिच्या कपाटात आहेत. त्यात नंदिनी काय बोलते ते तिला तोंडपाठ आहे आणि ते ती मोठ्यानं म्हणत नाही. इथंही ते दिलेलं नाही.

उमापूरच्या नंबरावरून फोन येतात. पहिल्यांदा तिनं उचलला. पलीकडे श्वास होता, आणि तो एकच शब्द.

"मग काही नाही," विजयमाला म्हणाली. "तुझ्यापुरती संपली."

पण गेलेलं गेलंच होतं. नंदिनी जिना कसा उतरायची, आईला हाक कशी मारायची, ताटावरून काय चिडवायची, तिथं आता भिंतीवरून फोटो काढल्यावर राहतात तसे चौकोन होते. पहिले काही दिवस ती त्या चौकोनांसमोर बसून राहिली. मग तिला राग आला. तो राग घेऊनच एका रविवारी ती घराबाहेर पडली.

राजनंदिनीची कॉलेजातली मैत्रीण मनिषा पाटोद्यातच दिली होती. बाजारपेठेमागं तिचं घर. विजयमालेला दारात बघून ती गडबडली. नंदिनी गेल्यापासून ती रस्त्यात दिसली की नजर चुकवायची.

"या ना काकू, बसा. चहा ठेवते."

"चहा नको," विजयमाला म्हणाली. "मनिषा, मला नंदिनीचं सांग. मला माहीत नसलेलं काहीतरी. आणि विषय बदलायचा नाही."

मनिषा पदराशी चाळा करत उभी राहिली. मग खाली फरशीवरच बसली. "काकू, तुमाला वाईट वाटंल."

"वाटू दे."

"बीडला स्टँडवर एक पोरगं रोज मागं लागायचं आमच्या. शिट्ट्या मारायचं. एकदा नंदी सरळ गेली त्याच्यापाशी..." मनिषा थांबली. सांगणारा अडून बघतो तशी तिनं वर पाहिलं.

विजयमालेच्या ओठांवर हूं आली आणि तिथंच अडकली. आपण दिली, आणि या पोरीपाशी जे आहे तेही रिकामं झालं तर? तिनं दात आवळले. मग तिला आजी आठवली, पाठ फिरवून बसलेली. ही रीत त्या खोलीची नव्हती. त्या खोलीच्या कितीतरी आधीपासून ती इथल्या बायकांची होती.

"हूं," ती म्हणाली. स्पष्ट, भर दिवसा.

"...आणि म्हणाली, 'ए, नीट राहा. माझी आई परग्रहावरची माणसं मारती. दिवाळी अंकात.'"

मनिषाला हसू आलं, आणि हसतानाच रडू. विजयमालेनं तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. पदराखाली पिशवीत फोन थरथरत होता. तिनं तो थरथरू दिला.

"परत सांग," ती म्हणाली.

"काय, काकू?"

"तेच. पहिल्यापासून. परत सांग."

मनिषानं नाक ओढलं, मांडी बदलली आणि परत सांगितलं. स्टँड, शिट्ट्या, दिवाळी अंक, एकही शब्द कमी झाला नव्हता. उलट या वेळी तिला ते पोरगं कसं मागं मागं सरकत रसवंतीच्या बाकड्यावर आपटलं, तेही आठवलं.